स्पष्ट सांगा, पाटील

आमच्या गिरणीत लोक दळण घेऊन यायचे. केशवराव कार्ड घेऊन यायचे.

मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आठवणीतल्या एखाद्या माणसावर लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या. बाई पुण्याच्या, नवरा कम्प्युटरात. हैदराबादेत येऊन त्यांना थोडेच दिवस झालेत, म्हणून त्यांना मी लिहू शकेन असं वाटलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यातलं एक वर्ष उर्दूचं. "शुद्धलेखनाचं आम्ही बघतो, तुम्ही मनमोकळं लिहा," असं म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "काकूंवर लिहिलंत तरी चालेल." चालेल म्हणे. तिच्यावर मला लिहिता येत नाही. बसलो होतो, कागद तसाच उचलून ठेवला. म्हणून केशवरावांवर लिहितो. त्यात ती मध्येमध्ये आली तर माझा नाइलाज आहे. गिरणीतही ती मध्येमध्येच असायची.

एक आधीच सांगून ठेवतो. केशवरावांचं आडनाव भालकीकर. बिदरच्या पुढे भालकी गाव आहे, तिथले ते. बाकी माझ्या चुका खुशाल दुरुस्त करा, पण हे आडनाव छापताना सांभाळा.

हैदराबादेत कोठी म्हणून बाजार आहे, त्याच्या मागच्या गल्लीत खाली आमची गिरणी, वरच्या मजल्यावर केशवराव. सरकारी कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. ऐकायला मोठं वाटतं. काम असं की तयार होऊन आलेला लोखंडी तुकडा मापात आहे का ते बघायचं, आणि पास किंवा नापास करायचं. वीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे तुकडे नापास केले. त्यांना स्वतःला तिथे कोणी नावानं हाक मारली नाही. गेटवर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. हजेरी नंबराची, पगार नंबराला, कँटीनचं जेवण नंबराला. सूचनापेटीत टाकलेल्या एका सूचनेला बक्षीस मिळालं, तेही फळ्यावर नंबर लिहूनच जाहीर झालं. केशवरावांनी तो फळा मला इतक्या वेळा सांगितलाय की खडूचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

नव्वदनंतर देश खुला झाला म्हणतात. आमच्या गल्लीत तो असा झाला: कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं एसटीडीचा डबा टाकला, केबलची वायर माझ्या गिरणीच्या खिडकीतून गेली, आणि कारखान्यानं लोकांना चहा पाजून घरी पाठवलं. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं. स्वेच्छा कोणाची, ते चहा पिताना कोणी विचारलं नाही. घरी आलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या दिवसापासून काहीतरी झाला. कोणी एजंट, कोणी डीलर, आणि ज्याला काहीच जमण्यासारखं नव्हतं तो कन्सल्टंट.

केशवरावांनी व्होल्टेज स्टॅबिलायझरची एजन्सी घेतली. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज यायची तीही लाजत यायची, घरोघरी फ्रीज जळायचे, तेव्हा धंदा वाईट नव्हता. माणसानं आधी माल आणला असता. केशवराव आधी कार्डाच्या मागे लागले.

"पाटील," ते मला म्हणाले, "आयुष्यभर नंबर झालो. आता माझं नाव लोकांच्या खिशात पाहिजे. बाकी काही नको."

पाटील म्हणजे मी. आमच्या घरात पाटीलकी कधी नव्हती. पण भालकीच्या शिकलेल्या माणसानं उदगीरकडच्या कुणब्याला दुसरं काय म्हणायचं, म्हणून पाटील.

पहिलं कार्ड त्यांनी स्वतः काढलं होतं. आलेखाच्या कागदावर, कारखान्याची पोलादी पट्टी लावून. हात साबणानं धुऊन, कागद बसच्या पासाच्या प्लास्टिकमध्ये घालून खाली आले. गिरणी बंद करायला लावली.

"मी सूचनांचं स्वागत करतो," ते उभं राहून म्हणाले. त्यांचं हे वाक्य सूचनापेटीवर रंगवलेलं होतं, तिथून ते घरी घेऊन आले होते. "स्पष्ट सांगा, पाटील. मी मनाला लावून घेणार नाही."

इंग्रजी मला येत नाही, पण डोळे आहेत. कार्डावर इतकं लिहिलं होतं की माझ्या शेताच्या सातबाऱ्यावरही तेवढं नाही. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जुना हुद्दा, पत्ता, पत्त्याच्या समोरचं देऊळ, माझ्या गिरणीचा फोन नंबर आणि कारखान्याचा बिल्ल्याचा नंबरसुद्धा. कोपऱ्यात एक घर आणि त्यावर पडणारी वीज.

"ह्या खांबावरच्या पाट्या असतात ना," मी म्हणालो, "हात लावू नका, मराल, तशी दिसते. कवटी तेवढी राहिली."

ते हसले. खरंच हसले. "वा, स्पष्ट बोललात," म्हणाले, कागद प्लास्टिकमध्ये घातला आणि वर गेले. पुढचे आठ-दहा दिवस त्यांचं दळण पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत जात होतं. जाताना डबा माझ्या दारावरूनच न्यायचे, मला दिसेल असा. परत आले ते मला माफ करून नाही. तिथल्या पिठाची भाकरी दाताखाली कचकच करत होती म्हणून.

माझ्या बायकोचं नाव सुमन. ती पोत्यावर बसून डबे लावायची. तिलाही त्यांनी कागद दाखवला होता. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "छान आहे, भावजी."

"वहिनी, काय छान आहे ते सांगा."

"सगळंच छान आहे."

"असं नका करू. दोष सांगा. दोष कळले नाहीत तर सुधारणा कशी होणार?"

"मला नाही बाई दिसत," ती म्हणाली आणि चाळणीकडे वळली.

केशवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनींच्या अभिप्रायाचा तसा उपयोग नाही." मी म्हणालो, मला तीस वर्षांपासून माहीत आहे. पण उपयोग नसलेला तो अभिप्राय घ्यायला ते प्रत्येक नवं कार्ड आधी तिच्याकडे आणायचे, मग माझ्याकडे. तिचं ऐकताना उभे असायचे. माझं ऐकताना आधीच पायरीच्या दिशेनं तोंड करून बसायचे.

अभिप्राय द्यायला आमच्या गल्लीत कोणाला आमंत्रण लागत नाही. त्यातल्या कोणाला स्टॅबिलायझर म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण कार्ड कसं असावं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. बँकेतला एक जण म्हणाला, श्रीमंती दिसली पाहिजे. झालं, सोनेरी अक्षरं आली, कडेला वेलबुट्टी आली. ते कार्ड बघून माझ्याकडे दळणाला आलेल्या म्हातारीनं विचारलं, "मुहूर्त कधीचा आहे, मालक?" केशवरावांनी तिचंही स्वागत केलं. वेलबुट्टी गेली.

छापणारे जब्बारभाई. कोठीच्या मागेच त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, हँडबिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. शांत माणूस. केशवराव रोज एक नवा कागद घेऊन गेले की ते चष्मा कपाळावर चढवायचे. एक दिवस मी सोबत होतो.

"साब," जब्बारभाई म्हणाले, "आप राय लेना बंद करो, कारडां लेना शुरू करो. नाम तो एकीच है ना आपका?"

"नाम एकच है, लेकिन जमना चाहिए," केशवराव म्हणाले.

"नाम तो बाप रखे सो है, साब. अब क्या जमना?"

मग आला निशिकांत. केशवरावांच्या साडूचा मुलगा, पुण्याचा, इथे कम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. त्यानं कार्ड दोन बोटांत असं धरलं की जसं ते गटारातून निघालंय.

"काका, क्लटर फार आहे. व्हाइट स्पेस पाहिजे. जागेला श्वास घेऊ द्या."

केशवरावांच्या त्या खोलीत आम्ही सहा माणसं, एक कपाट आणि एक शिलाई मशीन होतो. माणसांना श्वास घ्यायला जागा नव्हती, पण कार्डाला पाहिजे होती. त्यानं पत्ता उडवला, देऊळ उडवलं, वीज उडवली, बिल्ल्याचा नंबर उडवला. एवढं एक काम त्यानं चांगलं केलं. शेवटी कोरा पुठ्ठा राहिला आणि खालच्या कोपऱ्यात नाव, मुंगी मेल्यासारखं.

"कसं वाटतं, पाटील? स्पष्ट सांगा."

"नाव हरवलंय. सापडेल, घाई करू नका."

पुन्हा दळण पलीकडच्या गिरणीत.

ह्या सगळ्यात थंडी आली. जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरते, तिथे केशवरावांना एका ओळखीच्या दुकानात अर्धं टेबल मिळालं होतं. त्याच्या आत कार्ड पाहिजे होतं. नुमाइशीत अख्खं हैदराबाद येतं. तिथे नाव खिशात गेलं नाही तर कधी जाणार, असं त्यांनी मनात घेतलं. झोप उडाली. वरच्या मजल्यावर येरझारा सुरू झाल्या, आणि आमच्या छताची माती माझ्या पिठात पडायला लागली.

त्या घाईत ते कुकटपल्लीला गेले. तिथल्या एका शेडमध्ये रेड्डी नावाचे गृहस्थ स्टॅबिलायझर बनवायचे. एजन्सी त्यांचीच. रेड्डींनी कार्डाचा नमुना घेतला आणि मोठ्यानं वाचला. हे मला केशवरावांनीच सांगितलं, त्यामुळे खरं असणार, स्वतःचा अपमान ते कधी वाढवून सांगत नसत.

"भाल... की... कर," रेड्डी वाचत गेले. "क्या करना जी भाल का?"

"वह सरनेम है, साब. गाँव का नाम."

"गाँव का नाम लेके कौन आता, स्टॅबिलायझर लेने? जबान पे चढ़ा तो फोन पे आता. आप केशवराव है ना? राव बस है. बी. के. राव. देखो, अपने लोगां जैसा लगता."

आता ह्यात एक गंमत आहे, ती हैदराबादेतल्या मराठी माणसाशिवाय कोणाला कळायची नाही. इथे राव तेलुगू लोकांतही असतात आणि आपल्यातही. आपल्याकडे राव नावामागे मानानं लावतात, त्यांच्याकडे तोच आडनावासारखा शेवटी धरतात, आणि घराण्याचं नाव पुढे एका अक्षरात उभं करतात. म्हणजे भालकीकर गेले आणि त्यांच्या जागी पुढे एक 'बी' राहिला. आडनाव कापून टाकलं असं कोणाला वाटत नाही. दारातून आत आणल्यासारखं वाटतं. केशवरावांनाही वाटलं. बी. के. राव. छोटं, ऐटदार. जब्बारभाईंनी मोठ्ठा गठ्ठा छापला.

ते कार्ड आमच्याकडे आलं तेव्हा मी चक्कीचा पट्टा बदलत होतो. सुमननं बघितलं. "छान आहे, भावजी." मी बघितलं. इंग्रजीत काहीतरी आहे आणि ह्या वेळी दिसतंय एवढं मला कळलं. काय लिहिलंय ते मला कोणी वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. सगळ्या गल्लीचा अभिप्राय घेतला होता त्यांनी. ज्याच्या गिरणीतला फोन नंबर त्यावर होता, त्याला नाव सांगायचं राहिलं.

नुमाइशीत मी एका संध्याकाळी गेलो. सुमनला बांगड्या घ्यायच्या होत्या. केशवराव अर्ध्या टेबलामागे उभे होते, उरलेल्या अर्ध्यावर गाजराचा हलवा करायचं यंत्र विकणारा ओरडत होता. केशवराव कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे आणि मग त्या माणसाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघत राहायचे. कार्ड कुठे ठेवतो ते बघायला. शर्टाच्या वरच्या खिशात गेलं की चेहरा उजळायचा. पाकिटात गेलं तरी चालायचं. पँटच्या मागच्या खिशात गेलं की तोंड पडायचं.

"माझ्यावर बसणार आता तो," मला म्हणाले.

एकानं तिथल्या तिथे कार्डाच्या कोपऱ्यानं दात कोरला. केशवरावांनी मान फिरवली. सुमन हे सगळं बघत होती. तिनं एक कार्ड मागून घेतलं आणि ब्लाउजमध्ये पैशाच्या पाकिटात नीट ठेवलं. केशवरावांनी त्या संध्याकाळी पुन्हा कोणाच्या मागच्या खिशाकडे बघितलं नाही.

नुमाइश संपली. मग फोनची वाट बघणं सुरू झालं. ते रोज कारखान्याच्या पहिल्या भोंग्याच्या वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून खाली यायचे आणि माझ्या फोनसमोरच्या बाकड्यावर बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मी मुनीम ठेवलाय. जेवायला वर गेले तरी दार उघडं ठेवून जेवायचे.

असे ते जेवायला गेलेले असतानाच फोन आला. चक्की चालू होती. मी एक कान दाबून ऐकलं. कोणी तरी मोठ्या आवाजात म्हणालं, "बी. के. राव हैं?"

"राव-बिव कोई नहीं. इधर आटा है," मी म्हणालो आणि ठेवून दिला.

पुन्हा वाजला. पुन्हा राव. मी पुन्हा आटा सांगितला. तिसऱ्यांदा मी जरा हैदराबादी सांगितलं.

दोन दिवसांनी कुकटपल्लीहून रेड्डींचा निरोप आला. एका मोठ्या दवाखान्याला एकदम पुष्कळ स्टॅबिलायझर पाहिजे होते, नुमाइशीत कार्ड घेतलं होतं, फोन केला तर कोणी पिठाचा पागल बोलतो. त्यांनी दुसरीकडे माल घेतला.

केशवराव खाली आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाकड्यावर बसले.

"पाटील, असा कोणी नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"राव मागत होता तो. तुम्ही भालकीकर."

"कार्डावर राव आहे."

"मला काय माहीत? माझ्याशी तुम्ही भालकीकर म्हणूनच भांडता."

 त्यांनी चक्कीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. असा कोणी नाहीच." उरलेला गठ्ठा त्यांनी वरून आणला आणि माझ्या भुशाच्या पोत्यात टाकला. वर जाताना पायऱ्यांवर त्यांचा पाय वाजत नव्हता. मी माझ्या आयुष्यात बऱ्याच लोकांना वाईट बोललोय. ह्या वेळी मी काहीच बोललो नव्हतो, नुसतं खरं सांगितलं होतं. आणि तेच लागलं.

सुमननं तो गठ्ठा भुशातून काढला, झटकला. चांगला जाड पुठ्ठा, मागची बाजू कोरी. आमच्याकडे डब्यांवर नाव लिहायला नेहमी कागदाची बोंब. कोणाची ज्वारी कोणाच्या घरी, आणि मग भांडणं. तिनं कार्डांना भोकं पाडली, दोरा ओवला आणि कोऱ्या बाजूला कोळशासारख्या जाड पेन्सिलीनं लिहायला लागली. जोशी, गहू, जाडसर. यादगिरी, तांदूळ. डॉक्टरीणबाई, ज्वारी. तिचं अक्षर मोठं आणि तिरकं, ओळीच्या टोकाला चढत जाणारं.

मी म्हणालो, "अगं, त्यांना दिसलं तर?"

"दिसू दे. कागद आहे. छान आहे."

केशवरावांना दिसलंच. स्वतःच्याच डब्याला. भालकीकर, ज्वारी, आणि उलटं केलं तर बी. के. राव. त्यांनी डबा हातात धरून ती चिठ्ठी बराच वेळ उलटसुलट केली. मला वाटलं आता पलीकडची गिरणी. पण ते सुमनला म्हणाले, "वहिनी, भालकीकरमधला 'ल' छान काढलात." आणि हसले. फळ्यावर नाव जाहीर झाल्यासारखे हसले.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात तो डबा ओट्यावर होता, चिठ्ठी उलटी पडलेली होती, आणि त्यांचा फ्रीज त्याच आठवड्यात जळला होता. फोन आला. ह्या वेळी सुमननं उचलला. "राव साब हैं?" तिनं पदर खोचला, जिन्याखाली जाऊन वर तोंड केलं आणि चक्कीच्या वरून हाक मारली, "केशवभावजीऽ, तुमचा फोनऽ."

नुमाइशीनं जे केलं नाही ते डब्यांनी केलं. कोठीपासून आजूबाजूच्या गल्ल्यांत घरोघरी ती कार्डं पिठात लोळत होती. एकाच्या घरून दोन घरी. धंदा मोठा झाला नाही, पण चालला. सुमननं मात्र माझ्या त्या एका चुकीचा असा धडा घेतला की पुढे फोनवर कोणी कोणालाही मागितलं, तरी ती केशवरावांनाच हाक मारायची. गॅसवाला, राँग नंबर, कोणीतरी फिरोज, कोणीतरी लक्ष्मी. केशवराव प्रत्येक वेळी खाली यायचे, बटण लावत. फोन घ्यायचे. "नाही, इथे लक्ष्मी नाही," असं अदबीनं सांगायचे, आणि जाताना तिला म्हणायचे, "थँक यू, वहिनी." तक्रार एकदाही नाही. एवढ्या मोठ्यानं त्यांचं नाव दुसरं कोणी घेत नव्हतं.

आमच्या गल्लीत सवयच लागली. कोणी काहीही छापील कागद दिला, की लोक आधी मागे बघायचे, कोणाचं दळण आहे ते.

पुढे फ्रीजच असे आले की त्यांना स्टॅबिलायझर लागेना. केशवरावांचा मुलगा कुकटपल्लीला फ्लॅट घेऊन राहायला गेला, त्यांना घेऊन गेला. गल्लीत भेट होईना. मोबाइल आले, माझा फोन मुका झाला. गेल्याच्या गेल्या पौषात सुमन गेली. दवाखान्यात जास्त दिवस काढले नाहीत तिनं, कोणाला त्रास नको म्हणून असेल. तिचं पोतं जिथे असायचं तिथे मी पीठ साचू देत नाही. बाकी गिरणी मी नीट ठेवलेली नाही.

केशवरावांना उशिरा कळलं. तेराव्यानंतर पुष्कळ दिवसांनी आले. दोन बस बदलून. डोळ्यात मोतीबिंदू, पायरी चाचपत चढले. इस्त्रीचा शर्ट तसाच. बाकड्यावर बसले, भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघितलं. रडारड नाही, धीर देणं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. लोकांनी मला तेवढ्या दिवसांत एवढा धीर दिला होता की ठेवायला जागा नव्हती.

मग त्यांनी खिशातून बसच्या पासाचं प्लास्टिक काढलं.

"नवं केलं," म्हणाले. "ह्या वेळी कोणालाच विचारलं नाही. सून म्हणते, आता कार्ड कशाला. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे त्याचा अभिप्राय नाही. जब्बारभाईंचा छापखाना बंद झाला. आमच्या खाली कम्प्युटरवाला आहे, तेलुगू पोरगा, त्याच्याकडून करून घेतलं."

कार्ड मराठीत होतं. पांढरं, नुसतं नाव आणि खाली मुलाचा फोन नंबर. हुद्दा नाही, धंदा नाही. मी त्यांची इतकी कार्डं बघितली, हे पहिलंच मला वाचता आलं.

त्यांनी ते आधी माझ्याकडे दिलं नाही. उठले, फोटोसमोर दोन्ही हातांनी धरलं आणि थांबले. जसे थांबायचे, उभे. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

केशव विठ्ठल भाकलीकर.

पुन्हा वाचलं. ल आणि क ची अदलाबदल. पोराला भालकी काय माहीत, आणि ह्यांना मोतीबिंदू. आयुष्यभर दुसऱ्यांचे तुकडे नापास केलेला माणूस, आणि सगळं नाव पहिल्यांदा एका ओळीत आलं ते असं.

ते वळले. कार्ड माझ्यापुढे केलं.

"आता तुम्हीच आहात," म्हणाले. "स्पष्ट सांगा, पाटील."

गिरणी बंद होती. तरी मी थोडा वेळ तिचा आवाज थांबायची वाट बघितल्यासारखा थांबलो.

"छान आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान तिरकी केली. "काय छान आहे?"

"सगळंच छान आहे."

"वहिनींसारखं नाही आलं," केशवराव म्हणाले. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. ह्या वेळी ते हसले, आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. मी कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, त्यांना दिसेल असं.

त्यानंतर मुलाची बदली बेंगलोरला झाली, आणि वर्षाच्या आत केशवराव तिकडेच वारल्याचं कळलं. माझ्या डोळ्यासमोर मात्र ते त्या दिवशी गल्लीतून जाताना आहेत. भिंतीच्या कडेनं, सावकाश, ओळखीचा दिसेल त्याला कार्ड देत. कोपऱ्यावर पानवाल्याला दिलं, दोन्ही हातांनी, आणि त्याच्यासमोर उभे राहिले. पानवाल्यानं चुन्याचं बोट पुसलं, कार्ड घेतलं, आणि आमच्या गल्लीच्या सवयीनं आधी उलटं करून मागे बघितलं.